पप्पांची बोली

आमच्या घरात पप्पांच्या आधी त्यांचा आवाज पोचायचा. राहात्याच्या बाजारात ते एका अडत्याकडे कांद्याचा लिलाव पुकारायचे. शेतकऱ्याचा माल जमिनीवर ओतला की व्यापारी भोवती जमायचे, दोघंचौघं कांदा उचलून दाबून बघायचे, आणि पप्पा पहिला भाव बोलायचे. तिथून पुढे त्यांचा आवाज पायऱ्या चढल्यासारखा चढत जायचा. अकराशे, अकराशे पंचवीस, अकराशे पन्नास, मध्ये श्वास कुठे घेतात ते कळायचं नाही. व्यापारी नुसती भुवई हलवायचे, तीही त्यांना दिसायची. शेवटी एक वार, दोन वार, तीन वार म्हणून घेणाऱ्याचं नाव घ्यायचं आणि हातावर हात मारायचा, की ढीग विकला गेला. सकाळी अंघोळीला बसले की न्हाणीतूनच ते गळा मोकळा करायचे. आमच्या गल्लीतली पोरं शाळेत पाढे शिकायच्या आधी पप्पांकडून कांद्याचे भाव शिकली असतील.

आई पेरूच्या बागेत माल निवडायला जायची. चांगला पेरू पेटीत, डाग पडलेला बाजूला, आणि त्या डागाळलेल्यातला थोडा पदरात बांधून घरी. त्यामुळे वर्षातले कितीतरी महिने आमच्या दोन खोल्यांना पेरूचा वास असायचा. पेरूची कोशिंबीर, पेरूची भाजी, पिकून मऊ झाला तर गूळ घालून त्याचं काहीतरी. मला त्या वासाचा तेव्हा कंटाळा यायचा. आता केडगावच्या या फ्लॅटमध्ये मी बाजारातून पेरू आणते आणि दोन दिवस नुसते टोपलीत ठेवते.

कॉलेज संपलं होतं आणि मी घरात होते. नोकरी म्हणण्यासारखं काही हाताला लागत नव्हतं आणि चर्चमधल्या बायका मला बघून आईशी हळू आवाजात बोलू लागल्या होत्या. त्याच सुमारास माझ्या एका मैत्रिणीची बहीण जर्मनीत गेली. हॉटेलात स्वयंपाकाचं काम शिकायचं, शिकता शिकता पगार मिळायचा, फक्त भाषा आली पाहिजे. क्लास पुण्यात होते. पुण्यात राहून शिकणं आमच्यासारख्यांच्या विचारातही बसणारं नव्हतं. म्हणून मी फोनवरच्या फुकट धड्यांवरून सुरुवात केली. शब्द पाठ व्हायचे, पण बोलायला समोर माणूस नव्हतं. शेजारच्यांच्या गायीशी बोलून पाहिलं, आरशाशी बोलून पाहिलं. मग शोधता शोधता एक ऑनलाइन ग्रुप सापडला. माझ्यासारखीच घरबसल्या जर्मन शिकणारी माणसं तिथे जगभरातून यायची. लिहायला वेगळी खोली, बोलायला वेगळी खोली, अशी त्याची रचना होती.

आत शिरताना नाव विचारलं. खरं नाव द्यायची भीती वाटली. समोर परडीत पेरू होते, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत 'पेरू' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी उघडून बघते तर ब्राझीलच्या थियागो नावाच्या मुलानं मला स्पॅनिशमध्ये लांबलचक स्वागत लिहिलं होतं. पेरू नावाचा देश ब्राझीलला लागून आहे, आणि आपल्या शेजारच्या देशातून कुणीतरी आलं याचा त्याला आनंद झाला होता. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. मी घाबरून हो लिहिलं. मग लोक मला पर्वतांबद्दल विचारू लागले. शेवटी मी पेरूचा फोटो टाकला, खाली जर्मनमध्ये 'हे फळ आहे, मी महाराष्ट्रात राहते' एवढं वाक्य जुळवलं, आणि सगळा ग्रुप हसला. हे हसणं नुसत्या अक्षरांतून आलं, तरी मला ते ऐकू आल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यातली झाले.

ग्रुप चालवायच्या हानेलोरे नावाच्या निवृत्त बाई. रेल्वेत तिकिटं देण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांच्याकडे दुपार सुरू झाली की आपल्याकडे चारच्या पुढेमागे वाजलेले असत. तेव्हा त्या बोलायची खोली उघडायच्या. त्यांचा एकच नियम होता. कुणी शब्दासाठी अडलं तर मध्ये बोलायचं नाही. त्यानं मदत मागितली तरच शब्द द्यायचा. "वार्टे," त्या म्हणायच्या. थांब. मग आम्ही सगळे थांबायचो. कुणाच्या घरी पंखा फिरतोय, कुणाच्या खिडकीतून गाड्या जाताहेत, एवढंच ऐकू यायचं. इतकी माणसं माझ्या एका शब्दासाठी गप्प बसली आहेत, असं मला आधी कधी लाभलं नव्हतं.

आकड्यांत मी सगळ्यांच्या पुढे गेले. जर्मनमध्ये पंचवीस म्हणताना आधी पाच येतात, मग वीस. बाकीच्यांना ते उलटं वाटायचं, डोकं धरून बसायचे. आपल्याला त्यात नवल काय? आपण पंचवीसच म्हणतो, सदुसष्टच म्हणतो. फक्त एकोणतीस, एकोणचाळीस आले की मी एकानं चुकायचे. हानेलोरेबाईंना वाटायचं मी फार हुशार आहे. मी फक्त कांद्याचे भाव ऐकत मोठी झाले होते.

असे काही महिने गेले. मग एका सकाळी बाजारात लिलाव चालू असताना पप्पांचा आवाज मध्येच थांबला. लोकांना वाटलं पाणी प्यायला थांबले. ते गोण्यांच्या थप्पीवर टेकले आणि तिथून हळूहळू खाली घसरले. हमालांनी उचलून टेम्पोत घातलं. तिथून दवाखाना, तिथून नगरचा मोठा दवाखाना. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय ओढल्यासारखा झाला, आणि बोलणं गेलं.

बोलणं गेलं म्हणजे आवाज गेला नव्हता. समजत सगळं होतं. संध्याकाळी प्रार्थनेला बसलो की प्रभूची प्रार्थना ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायचे, एक अक्षर न चुकता. आमेन झालं, आईनं ताट वाढलं, आणि मीठ हवं असलं तर मीठ हा शब्द येत नव्हता. डॉक्टर म्हणाले की पाठ झालेलं मेंदूत वेगळ्या जागी असतं. सवयीनं येतं ते येईल, नवं जुळवून बोलायला वेळ लागेल, बोलतं ठेवा. आई त्यांना बोलतं ठेवायला बघायची, पण तिला दम निघायचा नाही. ते तोंड उघडायचे आणि ती पुढे धावायची. "पानी देऊ? पडायचंय? लघवीला जायचंय का?" तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. दिवसभर बागेत उभं राहून आलेली बाई ती.

मी मात्र काय करत होते? मागच्या खोलीत गोधड्यांच्या घडीआड बसून, तोंडावर ओढणी धरून, कुजबुजत जर्मन बोलत होते. पप्पा झोपलेत याची खात्री करून मगच. माझ्या तोंडात रोज नवे शब्द येत होते आणि पलीकडच्या खोलीत त्यांना मीठ सापडत नव्हतं. सोडून द्यावं असं मनात आलं, सोडलं नाही. चार वाजायची मी वाट बघायचे. दिवसभरात तेवढाच वेळ मला घरात नसल्यासारखं वाटायचं, आणि त्यात बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून पुढचा सगळा वेळ छातीवर दगड ठेवल्यासारखा जायचा.

एकदा थियागो पळीला काय म्हणतात ते आठवत होता. मला येत होतं. मी गप्प राहिले. त्यानं बराच वेळ घेतला आणि त्याला तो शब्द आपण होऊन सापडला तेव्हा मला त्याच्याइतकाच आनंद झाला. खोली बंद करून मी बाहेर आले तर पप्पा दारात उभे होते. त्यांनी बोट वर केलं, ओठ गोल केले. मी म्हणाले, "चहा? टॉवेल? पंखा लावू? आईला फोन करू?" त्यांनी डावा हात चौकटीवर जोरात आपटला आणि परत खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मी तिथेच उभी राहिले. ब्राझीलच्या पोराला मी दिलं ते माझ्या बापाला मला देता आलं नव्हतं. त्यांना काय हवं होतं ते मला अजून माहीत नाही.

त्यानंतर थोड्या दिवसांनी ग्रुपवर लिलावाचा खेळ झाला. आकड्यांचा सराव म्हणून हानेलोरेबाईंनीच काढला होता. त्या एक वस्तू विकायला ठेवायच्या, जुनी सायकल, तुटकी खुर्ची, आणि आम्ही जर्मनमध्ये बोली लावायची. त्या दिवशी एका पियानोवरून थियागो आणि मी इरेला पेटलो. ओढणी कधी बाजूला पडली कळलं नाही. मी मोठमोठ्यानं आकडे बोलत होते. वर बघितलं तर दारात काठी धरून पप्पा.

मी पटकन माइक बंद केला, इअरफोन ओढून काढले. "काही नाही पप्पा, तुम्ही पडा." ते हलले नाहीत. इअरफोनची वायर निघाल्यामुळे फोन मोठ्यानं बोलू लागला होता. सदुसष्टच्या पुढचा आकडा थियागोला सापडत नव्हता आणि खोलीत शांतता होती. पप्पांनी त्या शांततेकडे कान दिला. डाव्या हातानं मला खूण केली, चालू दे. मी म्हणाले, "लिलाव आहे, पप्पा. खोटा खोटा. भाव अडलाय."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि चौकटीला पाठ लावून ते ताठ उभे राहिले. मग त्यांचा आवाज आला. "अकराशे. अकराशे पंचवीस. अकराशे पन्नास. पन्नास, पन्नास, बोला शेठ, अकराशे पंचाहत्तर. बाराशे." तोच आवाज, तोच चढ, जीभ जराशी जड होती एवढंच. मी माइक चालू केला. का केला, सांगता येत नाही. कुणीतरी ऐकावं असं वाटलं. बाराशे पन्नास झाले, तेराशे झाले. "एक वार," पप्पा म्हणाले, "दोन वार, तीन वार," आणि पुढे घेणाऱ्याचं नाव यायला हवं होतं. तिथे ते अडले.

फोनमधून कुणी बोललं नाही. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण माणूस शब्द शोधतो म्हणजे काय हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. दूर कुठेतरी कुत्रं भुंकलं. माझ्या जिभेवर राहात्याच्या बाजारातली सगळी नावं आली आणि मी ती गिळली. पप्पांच्या कपाळाची शीर दिसत होती.

"पोपटशेठ," ते म्हणाले, आणि डाव्या हातानं स्वतःच्या मांडीवर थाप मारली.

"वेअर इस्ट दास?" हानेलोरेबाईंनी विचारलं. कोण आहे हे?

"माइन फाटर," मी म्हणाले. माझे वडील.

त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. पप्पा फोनकडे बघत उभे होते. लकव्यानंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा कामावरून आलेल्या माणसासारखा दिसत होता.

तेव्हापासून चारच्या सुमारास ते माझ्या आधी मागच्या खोलीत येऊन बसायचे. आईनं त्यांना खुर्ची दिली. ग्रुपनं त्यांचं नाव ठेवलं 'हेर पेरू', म्हणजे पेरूसाहेब. त्यांच्यासाठी हानेलोरेबाई रोज सुरुवातीला काहीतरी विकायला काढायच्या. आधी नुसते भाव आले. मग भावांच्या मागून शब्द येऊ लागले, शेठ, माल, ओला, सुका, गोणी. मग एक दिवस ताटावर बसून ते म्हणाले, "मीठ." आईनं पदर डोळ्याला लावला आणि वाटीभर मीठ पुढे ठेवलं.

गल्लीत ही गोष्ट पसरली. शेजारच्या सगुणामावशी दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "पोरगी असावी तर अशी. बापाला बोलता करायसाठी परदेशातली भाषा शिकली. लई केलं हो तिनं." मी सांगायला गेले की आधीपासून शिकत होते, तर त्या म्हणायच्या, "आता लाजतीया बघ." एका रविवारी चर्चमध्ये प्रवचन देताना फादरांनीही सांगितलं. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. पप्पा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. मी समोरच्या बाकाच्या लाकडातली रेघ बघत बसले. ही भाषा मी या घरातून निघून जायला शिकत होते. त्या एका तासापुरती ती त्यांच्या उपयोगी पडली, यात माझं काही नव्हतं. आणि ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण लोकांचं कौतुक ऐकायला बरं वाटत होतं हेही खरं.

पुण्याला जाऊन मी परीक्षा देऊन आले. पप्पांना सांगितलं, मैत्रिणीच्या लग्नाला जाते. पास झाले. हॉटेलवाल्यांशी फोनच्या पडद्यावर मुलाखत झाली, तीही मी शाळेच्या मागच्या पटांगणात लिंबाखाली बसून दिली. त्यांनी घ्यायचं ठरवलं. आईला सगळं माहीत होतं. ती भांडी घासता घासता म्हणाली, "सांगितलंस का त्यांना?"

"नाही."

"मग कवा सांगनार? इमानात बसल्यावर?"

"तू सांग ना."

"मी न्हाई सांगनार. तुझं तोंड हाय ना चालतं."

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे ते मध्ये येणार नाही. मी गेले. तिकडे हॉटेलात दुपारच्या जेवणाची गर्दी नेमकी बाराच्या सुमाराला उसळायची, म्हणजे ज्या वेळी हानेलोरेबाई खोली उघडायच्या त्याच वेळी. इकडे आई बागेतून लवकर सुटून यायची आणि पप्पांना फोन लावून द्यायची. ब्राझील होतं, हानेलोरेबाई होत्या, पप्पा होते. मी हानेलोरेबाईंच्याच देशात होते आणि त्या खोलीत मी तेवढी नव्हते. वाफेत उभी राहून बटाटे सोलताना भिंतीवरच्या घड्याळाकडे माझं लक्ष जायचं आणि आता पप्पा भाव चढवत असतील असं वाटायचं. सुट्टीच्या दिवशी मी त्या खोलीत जायचे, पण सुट्टी कधी सोमवारी, कधी बुधवारी. पप्पा आणखी बरीच वर्षं जगले. बोलणं पुरतं आलं नाही. जेवढं आलं तेवढं आईनं आणि त्या लोकांनी आणलं. मी परत आले तेव्हा आई एकटी होती.

आता पप्पांना सांगितलं ती संध्याकाळ. आईनं हुलग्याच्या पिठाचे, रश्शात शिजवलेले शेंगोळे केले होते. पप्पांना ते आवडायचे, आणि चमच्यानं खाता यायचे म्हणून त्या काळात ती ते वरचेवर करायची. लसणाचा वास घरभर होता. प्रार्थना झाली. मी पप्पांच्या समोर बसले आणि सांगायला लागले. आधी परीक्षेचं सांगितलं. मग हॉटेलचं. मग विमानाचं. मी म्हणाले, "तीन वर्षं शिकायचं आहे. पुढं बघू. फोन रोज करीन." मी म्हणाले, "तुमच्यासाठी शिकले असं लोक म्हणतात ते खोटं आहे पप्पा. मी आधीपासून शिकत होते. जायलाच शिकत होते." हे वाक्य मी कितीतरी दिवस मनात जुळवलं होतं. मराठी वाक्य, तरी ते जर्मन वाक्यासारखं एकेक शब्द पुढे ठेवत म्हणावं लागलं.

पप्पा ऐकत होते. त्यांनी चमचा ताटात ठेवला. शेंगोळ्यांची वाफ त्यांच्या आणि माझ्यामध्ये होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि मी वाट बघत राहिले.

"जा," ते म्हणाले.

त्यांचे ओठ अजून हलत होते. खालचा ओठ पुढे आला होता आणि मानेची शीर ताठ झाली होती. शब्द शोधताना त्यांचं तसंच व्हायचं, आणि शब्द पुरा झाला की ती शीर सैल पडायची. ती सैल पडली नव्हती. जा म्हणजे जा. 'जाऊ नको' म्हणायचं असलं तरी माणूस सुरुवात 'जा'पासूनच करतो.

आई चुलीपाशी होती. तिनं वळून बघितलं. "झालं," ती म्हणाली, "म्हनले ना ते, जा. जेवा आता, निवतंय."

पप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग तोंड मिटलं आणि डाव्या हातानं चमचा उचलला.

मी परत आल्यावर, आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा, तिला हे एकदाच विचारलं. पप्पा पुढे काही म्हणणार होते का? ती पलंगावर बसून केसांना तेल लावत होती. तिचा हात थांबला नाही.

"तू हुतीस की समोर," ती म्हणाली. "तुला काय ऐकू आलं?"

मला 'जा' ऐकू आलं होतं. मला तेवढंच ऐकायचं होतं.